देव रंगवणारे हात



गेल्या महिन्यात महाळुंगे पडवळला आसपासच्या गावांतल्या बचत गटांची बैठक होती. आंबेगाव तालुक्यातलं हे हुतात्मा बाबू गेनूंचं गाव. १९३० साली परदेशी कापडाच्या ट्रकसमोर मुंबईत आडवा झालेला हा बावीस वर्षांचा गिरणी कामगार इथला, हे गावातलं शाळकरी पोरही सांगतं. बैठकीचा विषय होता सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर बायकांची नावं. अर्ज कसा करायचा, तलाठी काय कारणं सांगतो, नवऱ्याला कसं समजवायचं, असं सगळं बोलून झालं. चहा आला. तेव्हा मागे बसलेली एक मुलगी पुढे आली आणि तिने प्लास्टिकच्या फाइलमधून काही कागद काढले. खरं तर कागदांच्या झेरॉक्स. मूळ कागद तिच्याकडे नव्हते. त्याचीच तर गोष्ट आहे.

तिचं नाव इथे देत नाही, गावाचंही नाही. तिला तिथेच राहायचं आहे. तिने कलाशिक्षक पदविका केली आहे, पण नोकरी नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या ‘बोलक्या भिंती’ ती रंगवते, दुकानांच्या पाट्या करते, चौरस फुटावर दर घेते. तिच्या गावात देवळाचा जीर्णोद्धार झाला, नवा सभामंडप उभा राहिला. आतल्या भिंतींवर संतांचे प्रसंग रंगवायचे ठरले. हिने कमिटीकडे जाऊन काम मागितलं. नमुना दाखव म्हणाले. हिने अकरा चित्रं पेन्सिलीने काढून दिली. महिन्याभराने उत्तर आलं, तेही परस्पर, चुलत्याच्या तोंडून: पोरगी चांगली आहे, हात चांगला आहे, पण देवाचं काम आहे. महिन्यातले चार दिवस ती काय करणार? आणि तिला पाळी आहे की नाही, हे विचारायचं कुणी?

काम बाहेरच्या पेंटरला गेलं. ते एकवेळ तिने गिळलं असतं. पण सप्ताहाच्या आदल्या दिवशी तिला बोलावणं आलं, दारापासून पारापर्यंत रांगोळी काढायला. ती गेली, आणि आत डोकावली तर भिंतीवर तिचीच चित्रं होती. मांडणी तिची, माणसं तिची. कमिटीने तिचे अकरा कागद पेंटरच्या हातात दिले होते.

मी त्या झेरॉक्स पाहिल्या. एक अजून डोळ्यांसमोर आहे. जनाबाई दळते आहे, समोर विठ्ठल खुंट्याला हात लावून बसला आहे. हा प्रसंग आपण शेकडो देवळांत पाहिलेला असतो, झगझगीत निळ्या आभाळाखाली. हिने तो पहाटेचा काढला आहे. खोलीभर काळोख, एका बाजूला दिवा, आणि उजेड फक्त जनाबाईच्या मनगटावर, जात्याच्या कडेवर आणि देवाच्या अर्ध्या तोंडावर. मी विचारलं, असं का काढलंस? म्हणाली, “ताई, दळण पहाटेच असायचं ना? आजी सांगायची, दिव्याला तेल पुरायचं नाही, हाताच्या सवयीनं दळायचं.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि आम्हाला कला-इतिहासात बरोक होतं. दीड पान. काराव्हाज्जो, रुबेन्स, रेम्ब्रां. त्यातला उजेड मला फार आवडला होता.” पेंटरने मांडणी तशीच घेतली, पण काळोख काढून टाकला. देव उजेडात पाहिजे, असं कमिटीचं म्हणणं पडलं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका आजीने विचारलं, “पन बाई, आसं कुटं झालंय का, बाईनं देव रंगावला?” मी वारल्यांचं उदाहरण दिलं. वारली लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढतात, मधोमध पालघट देवी. तो काढायचा मान सवाशिणींचा. चौक नाही तर लग्न नाही. देवीचं चित्र बायकांनीच काढायचं, अशी ही रीत. पण १९७० नंतर सरकारी हस्तकला खात्याच्या प्रयत्नांतून पाड्यांवर कागद आला, रंग आले, चित्रांना गिऱ्हाईक आलं, आणि ब्रश पुरुषांच्या हाती गेला. जिव्या सोमा माशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रतिभेबद्दल वादच नाही. पण कुडावर होतं तोवर बायकांचं, विकायला लागलं की पुरुषांचं, हे काही त्या पाड्यांवरच घडलं असं नाही.

आजीचं समाधान झालं नाही. “त्ये घरातल्या कुडावरचं झालं. म्या इचारते देवळात. पैशे घिऊन.”

आजीने प्रश्न असा नेमका करून दिला आणि मी तो घेऊन घरी आले. त्या मुलीच्या दीड पानाचाच धागा धरायचा असं ठरवलं.

‘बरोक’ हा शब्द पोर्तुगीज ‘बारोको’वरून आला असं सांगतात. अर्थ, वेडावाकडा मोती. सोळाव्या शतकात युरोपात ख्रिस्ती धर्मात फूट पडली. बंडखोर म्हणाले, देवळात चित्रं-मूर्ती नकोत. रोमच्या चर्चने १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेत उलट ठरवलं: चित्रं हवीत, निरक्षर माणसाला धर्म त्यांतून कळतो. मग चर्चने चित्रकारांना मोठी कामं दिली, आणि पुढची दीडशे वर्षं काळोख-उजेडाचं, हालचालीचं, बघणाऱ्याला हलवून टाकणारं चित्र घडत राहिलं. काराव्हाज्जोने तर संतांचे पाय मळलेले काढले. देव रंगवणं हा तेव्हा मोठा धंदा होता. आणि जिथे धंदा, तिथे कोण रंगवणार याचे नियम आलेच.

हे वारं आपल्या शेजारी गोव्यातही आलं. गोव्याच्या १५६७ च्या पहिल्या धर्मसभेने ठरवलं की ख्रिस्ती देवांची चित्रं-मूर्ती हिंदू कारागिरांकडून करवून घ्यायच्या नाहीत. विटाळाची कल्पना काही एकट्या आपल्या गावकीची मक्तेदारी नाही! तो हुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागला, कारण कामाला हात तेच होते. सुतार, सोनार, रंगारी इथलेच. हात चालतात, माणूस चालत नाही.

जुन्या गोव्यात सांता मोनिका नावाचा मोठा मठ आहे. १६०६ मध्ये आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी तो जोगिणींसाठी स्थापला. तीन मजली, जाड भिंतींचा, आत भित्तिचित्रं. आज तिथे ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, ते मी पाहून आले आहे. मार्गदर्शक सोन्याचा मुलामा दाखवत होता आणि मी खिडक्यांच्या जाळ्या बघत होते. आत गेलेली बाई पुन्हा बाहेर येत नसे. तरीही त्या काळच्या गोव्याच्या नगरसभेने या मठाबद्दल राजाकडे तक्रारी केल्या. कशाबद्दल, तर श्रीमंत मुली आणि विधवा हुंड्यासकट मठात जातात, मग इथल्या पोर्तुगीजांनी लग्नं कुणाशी करायची! मला त्या जाळ्यांचं प्रेम नाही. पण लग्न नको म्हणणाऱ्या बाईला दुसरं दार कोणतं होतं, हाही विचार करावा लागतो. १८३४ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले, नव्या मुली घेणं थांबलं, आणि १८८५ मध्ये शेवटची जोगीण वारली.

याच गोव्याच्या एका घरातली चित्रकर्ती म्हणजे आंजेला त्रिंदाद. जन्म मुंबईचा, १९०९ चा. वडील आंतोनियु झेवियर त्रिंदाद हे मूळ गोव्याचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रां’ म्हणत. बरोक परंपरेतल्या त्या डच चित्रकाराचा काळोख-उजेड त्यांनी आपल्या व्यक्तिचित्रांत उतरवला होता. आंजेलाने वडिलांकडे आणि जे. जे.मध्ये शिक्षण घेतलं. वडिलांसारखी व्यक्तिचित्रं केली, आणि मग धार्मिक चित्रांकडे वळली. तिची मेरी आणि तिचा येशू भारतीय वेशातले, भारतीय रेषेतले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले इतिहासकार फादर हेरास यांनी अशा चित्रांना उत्तेजन दिलं. पुढे तिने त्रिकोणांतून चित्र बांधायची स्वतःची रीत काढली आणि तिला आपल्या आडनावावरून ‘त्रिंदादिझम’ असं नाव दिलं. एका बाईने आपल्या शैलीला आपलं आडनाव द्यावं, हे मला फार आवडलं. (आडनाव अर्थात वडिलांचंच. आपल्याला दुसरं असतं कुठे?) पोपने तिला पदक दिलं. आता एक गंमत बघा. १९१७ च्या चर्चच्या कायद्याप्रमाणे मिस्सेच्या वेळी स्त्रीने वेदीजवळ जाऊन सेवा करायची नव्हती. मुलींना ती मोकळीक १९९४ मध्ये मिळाली, आणि कायद्यातला उरलेला भेद पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये काढला. म्हणजे आंजेला १९८० मध्ये वारली तोवर तिने काढलेली मेरी वेदीवर चालली असती, वेदीच्या सेवेला आंजेला चालली नसती.

त्याच पिढीतले आंजेलो द फोन्सेका हे तर आपल्या पुण्याचेच म्हणायचे. शांतिनिकेतनात शिकून गोव्याला परतले, सावळी, साडीतली मेरी काढली म्हणून तिथे रोष ओढवून घेतला आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले. त्यांच्या मेरीला पुष्कळदा त्यांच्या पत्नीचा, आयव्हीचा चेहरा आहे. १९६७ मध्ये ते गेले. त्यानंतर कित्येक वर्षं ती शेकडो चित्रं सांभाळली तीही आयव्हीबाईंनीच. देवीला चेहरा देणं आणि चित्रावरची धूळ झटकणं, ही कामं बाईला सहज मिळतात.

पण आजीचा प्रश्न होता पैशाचा आणि देवळाचा. त्याचं सरळ उत्तर मला सापडलं इटलीतल्या एका जोगिणीपाशी.

मोंकाल्व्हो नावाच्या गावात गुल्येल्मो काच्चा हा चित्रकार होता. त्याला सहा मुली. सहाही मठात गेल्या. सहा हुंडे कुठून आणणार, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १६२५ साली त्याने मोंकाल्व्होत आपल्याच घरात मठ काढून दिला आणि त्याच वर्षी तो वारला. थोरली मुलगी तेओदोरा, मठातलं नाव ओर्सोला माद्दालेना, बापाच्या हाताखाली शिकलेली होती. बापाची अर्धी राहिलेली कामं आणि ब्रश तिने उचलले आणि मठातच चित्रशाळा चालवली. आसपासच्या चर्चमधल्या वेद्यांसाठी ती मोठमोठी चित्रं करून देई, फुलांची चित्रं विकी, इतर जोगिणींना हाताशी घेई. त्या पैशावर मठ चाले. १६७६ मध्ये, ऐंशी वर्षांची होऊन ती गेली. तेव्हा, आजी, झालंय. चारशे वर्षांपूर्वी, देवळात, पैसे घेऊन. आणि मठभर बायकाच असल्याने महिन्याचे चार दिवस कोण कसे मोजत होतं, हा प्रश्न तिथे कुणी काढला नसावा.

त्याच काळातली दुसरी बाई आर्तेमिसिया जेंतिलेस्की. तिच्याबद्दल आपल्या शिबिरांतून कधी ना कधी बोललं गेलं आहे, पण बहुधा अर्धंच. जन्म रोमचा, १५९३ चा. आई लवकर गेली, बाप ओरात्सिओ चित्रकार. १६११ मध्ये बापाच्याच सहकाऱ्याने, आगोस्तिनो तास्सीने, तिच्यावर बलात्कार केला. लग्नाचं वचन देऊन तो टाळत राहिला. बापाने १६१२ मध्ये फिर्याद केली. खटला सात महिने चालला. सुईणींकडून तिची तपासणी झाली. ती खरं बोलते की नाही हे बघायला तिच्या बोटांना दोऱ्या गुंडाळून पिळल्या. चित्रकाराची बोटं! आरोपीच्या बोटांना कुणी हात लावला नाही. तास्सीला शिक्षा झाली ती रोमबाहेर जाण्याची, आणि तीही त्याने नीट भोगली नाही.

हे वाचताना आपल्यापैकी जुन्या कार्यकर्त्यांना मथुरा आठवेल. १९७२ साली पोलीस चौकीत बलात्कार झालेली ती आदिवासी मुलगी. तिला ‘सवय’ होती, तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, अशा गोष्टी मोजत सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. त्यावरच्या खुल्या पत्रातून, मोर्च्यांतून आपली चळवळ उभी राहिली, १९८३ मध्ये कायदा बदलला. पण ‘दोन बोटांची तपासणी’ हा प्रकार चालूच राहिला आणि तो करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरू, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये बजावावं लागलं. रोमच्या सुईणींपासून इथपर्यंत ४१० वर्षं.

आर्तेमिसियाची गोष्ट इथे संपवायची सवय आपल्याला लागली आहे. बलात्कार झाला, म्हणून तिने होलोफर्नेस या सेनापतीचा गळा चिरणारी ज्युडिथ काढली, सूड घेतला, संपलं. मला हे पटत नाही. आंघोळ करणाऱ्या सुझानाला दोन म्हातारे दमदाटी करतात, हे बायबलमधलं चित्र तिने १६१० मध्येच काढलं होतं, खटल्याआधी, सतराव्या वर्षी. त्यातली सुझाना अंग आक्रसून दोन्ही हातांनी त्यांना दूर लोटते. पुरुषांच्या नजरा कशा असतात हे कळायला तिला बलात्काराची वाट पाहावी लागली नव्हती. आणि ज्युडिथच्या चित्रात मला सूडापेक्षा मेहनत दिसते. बाह्या वर केलेल्या, मनगटात जोर, दासी सगळा भार देऊन त्याला दाबून धरते आहे. एका जात्यावर दोघीजणी बसतात तसं ते काम दोघी मिळून करतात.

त्यानंतर ही बाई चाळीसहून अधिक वर्षं कामच करत राहिली. फ्लॉरेन्सच्या चित्रकारांच्या अकादमीत १६१६ मध्ये शिरलेली ती पहिली स्त्री. नेपल्सला स्वतःची चित्रशाळा चालवली. पोत्सुओलीच्या कॅथेड्रलसाठी तीन मोठी चित्रं केली तेव्हा ती चाळिशी ओलांडून गेली होती. खटल्याच्या वेळी तिला धड लिहिता येत नव्हतं. पण १६४९ मध्ये तिने सिसिलीतल्या आपल्या एका गिऱ्हाइकाला पाठवलेली पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यांत ती भावावर अडून बसते. एका आकृतीमागे शंभर स्कुदो, कमी नाही. बाईचं काम म्हणून किंमत पाडली जाते हे तिला चांगलं माहीत आहे. आणि एका पत्रात ती स्पष्ट सांगते की आधी कच्चं रेखाटन पाठवणार नाही. कारण? एका बिशपने तिच्याकडून रेखाटन करून घेतलं आणि पैसे वाचवायला चित्र दुसऱ्याच चित्रकाराकडून रंगवून घेतलं.

हे वाचून मी रात्री दहा वाजता त्या मुलीला फोन केला. ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, “ताई, तिला कागद परत मिळाले का?”

कुणी म्हणेल, देवळाच्या भिंतीसाठी भांडण्यात काय अर्थ आहे, आपल्याला देवळं तरी हवीत का? आमच्या गटातही हा वाद झाला आणि तो मिटलेला नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा प्रश्न निघाला तेव्हाही हाच वाद होता. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा दाखवून सांगितलं की देवळात जाणं हा स्त्रियांचा मूलभूत हक्क आहे, आणि चौथरा खुला झाला. मी स्वतः देवभोळी नाही. पण इथे मला देवापेक्षा मजुरी दिसते. रांगोळीला विटाळ नाही, सप्ताहाच्या पंगतीच्या पोळ्यांना नाही, सभामंडपाच्या बांधकामात डोक्यावरून वाळूची घमेली वाहिली त्या बायकांनाही कुणी तारखा विचारल्या नाहीत. विटाळ निघाला तो चौरस फुटाच्या दराशी. आणि तिच्या अकरा कागदांना तर मुळीच लागला नाही.

आता पुढचं. त्या मुलीने आणि गटातल्या सहा बायकांनी मिळून कमिटीला पत्र दिलं आहे. मसुदा महाळुंग्यातच बसून केला. कागदांवर तारीख टाकलेली नव्हती, ही आपली चूक, पण झेरॉक्स काढलेल्या दुकानाची पावती सापडली. मागण्या तीन. मूळ कागद परत द्या. रेखाटनांची मजुरी द्या. आणि भिंतीच्या कोपऱ्यात पेंटरने आपलं नाव नि मोबाइल नंबर लिहिला आहे, त्याच्या वर ‘रेखाटन’ असं लिहून तिचं नाव घाला. या तिसऱ्या मागणीवर तिची आई घाबरली होती. म्हणाली, पोरीचं नाव भिंतीवर नको, लग्न व्हायचंय. शेवटी मायलेकींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण पत्रात मागणी आहे आणि खाली आईचा अंगठाही आहे.

पत्राची पोच मिळाली. हा अंक छापायला जाईपर्यंत उत्तर आलेलं नाही. जनाबाईचं ते पहाटेचं चित्र मुलीच्या परवानगीने आम्ही मुखपृष्ठावर घेतलं आहे, काळोखासकट. छपाईत जरा जास्तच काळं आलं आहे, ते सांभाळून घ्या.